ओझोन विकण्याआधी स्लाइड दाखवा

मधुमेह असलेल्या माणसाच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. मिरजेत माझी पॅथॉलॉजीची लॅब आहे. वॉन्लेससाहेबांनी १८९४ साली इथे मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरइतकेच बेळगाव-विजापूरकडचे लोकही दुखणी घेऊन या गावात येतात, त्यामुळे माझ्या टेबलावर दोन्ही राज्यांतल्या स्लाइड असतात. मधुमेह्याच्या यकृतात पेशींच्या पोटात चरबीचे गोल थेंब असतात. तपासणीच्या प्रक्रियेत चरबी विरघळते आणि तिथे पांढरी पोकळी उरते. काही पेशी फुगून फिकट झालेल्या असतात. मॅसन ट्रायक्रोम नावाचा रंग दिला की त्यांच्यामधून निळ्या रेषा उमटतात. त्या व्रणाच्या तंतूंच्या रेषा. मी सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यावर घालवते, कारण या रुग्णाचं पुढे काय होणार हे चरबीपेक्षा आणि सुजेपेक्षा त्या रेषा अधिक खात्रीने सांगतात. त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या, त्यांच्यात यकृताच्या पेशींची बेटं अडकली, की त्या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात.

अलीकडे रुग्ण माझ्याकडे एक नवा प्रश्न घेऊन येतात. ओझोन थेरपीने मधुमेहात यकृताचं रक्षण होतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. कुणाच्या हातात पत्रक असतं, कुणाच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ. 'उंदरांवर सिद्ध झालंय' हे वाक्य त्यात हटकून असतं. मी ते निबंध मिळवून वाचले आहेत, त्यांतल्या यकृताच्या स्लाइडचे फोटो मोठे करून पाहिले आहेत. माझं मत झालं आहे ते असं: उंदरांवरचं हे काम खरं आहे, त्यामागची कल्पनाही विचार करण्यासारखी आहे, पण मधुमेही माणसाच्या यकृतातल्या निळ्या रेषा ओझोनने थांबल्या किंवा मागे गेल्या असं दाखवणारा पुरावा आजवर कुणी माझ्यासमोर ठेवलेला नाही. तो येईपर्यंत हा उपचार पैसे घेऊन विकला जाऊ नये.

आधी हा उपचार काय आहे ते सांगते. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र असलेला वायू. तो बाटलीत भरून ठेवता येत नाही, काही वेळातच त्याचा पुन्हा ऑक्सिजन होऊ लागतो. म्हणून दवाखान्यातच यंत्रातून वैद्यकीय ऑक्सिजन सोडून, त्याला विजेचा झटका देऊन तो तयार करतात. जे मिश्रण निघतं त्यात बहुतांश ऑक्सिजनच असतो, ओझोन १ ते ५ टक्के. ते शरीरात पोचवायच्या दोन मुख्य वाटा आहेत. एकीत शंभरेक मिलिलिटर रक्त बाटलीत काढून, त्यात हा वायू मिसळून, ते रक्त शिरेवाटे परत चढवतात. दुसरीत नळीने गुदमार्गातून वायू आत सोडतात. हा वायू फुप्फुसात जाऊ द्यायचा नाही, हे ओझोनवालेही मान्य करतात. आपल्या देशात श्वासाच्या हवेत ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. या उपचारात एका मिलिलिटरमध्येच दहा-वीस-चाळीस मायक्रोग्रॅम ओझोन असतो. रक्त आणि फुप्फुस यांची तुलना सरळ करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण यंत्र गळकं असेल आणि खोलीला खिडकी नसेल, तर शेजारी उभ्या असलेल्या नर्सचं काय, हा प्रश्न मी विचारणारच.

आता कल्पनेकडे येते. मधुमेहात साखर आणि चरबी दोन्ही वाढल्याने यकृताच्या पेशींत घातक ऑक्सिजन-कण तयार होतात आणि पेशी आतून जळत राहते. मग त्याच पेशीला ऑक्सिजनचंच जहाल रूप का द्यायचं? इटलीतल्या सिएना विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेलियो बोच्ची यांनी याचं उत्तर मांडलं. त्यांचं म्हणणं असं की ओझोन रक्तात मिसळताक्षणी तिथल्या मेदाम्लांशी आणि अँटिऑक्सिडंटांशी संयोग पावून संपतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि काही मेदजन्य रसायनं निघतात, ती पेशीला थोडासा धक्का देतात, त्या धक्क्याने 'एनआरएफ-टू' नावाचा प्रथिन-दूत जागा होतो आणि पेशी आपल्या बचावाची विकरं जास्त बनवू लागते. धक्का थोडका असला तर पेशी कणखर होते, जास्त झाला तर मरते. व्यायामातही शरीराला असाच थोडा ताण बसतो आणि ते सावरतं. त्यामुळे या विचाराला मी भंपक म्हणणार नाही.

हे प्राण्यांत दाखवण्याचं मोठं काम क्यूबात झालं. हवानात ओझोन संशोधन केंद्र आहे. १९९८ साली तिथल्या मंडळींनी उंदरांना आधी गुदमार्गे ओझोन दिला आणि मग यकृत जाळणारं कार्बन टेट्राक्लोराइड दिलं; ओझोन मिळालेल्या उंदरांचं यकृत बरंच वाचलं. पुढे २००१ मध्ये स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदरांवरचा प्रयोग आला. त्यानंतर इतर देशांतही अशाच रीतीचे प्रयोग होत राहिले.

इथे मला माझ्या कामाच्या अंगाने बोलायचं आहे, कारण 'मधुमेही उंदीर' हे शब्द ऐकून वाचणाऱ्याच्या मनात जे चित्र येतं ते चुकीचं असतं. स्ट्रेप्टोझोटोसिन हे एका जिवाणूपासून मिळालेलं रसायन आहे. ते उंदराला टोचलं की स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि दोन-तीन दिवसांत साखर चढते. उंदीर वाळतो, भरपूर पाणी पितो, भरपूर लघवी करतो. माझ्याकडे ज्यांच्या यकृताचे तुकडे येतात त्या माणसांची गोष्ट याच्या नेमकी उलट असते: पोट सुटलेलं, इन्शुलिन भरपूर असूनही शरीर त्याला दाद देत नाही, आणि हे वीस-वीस वर्षं चाललेलं. त्यात आणखी एक अडचण आहे. हे रसायन ज्या दाराने स्वादुपिंडाच्या पेशीत शिरतं, ते ग्लूट-टू नावाचं दार यकृताच्या पेशीलाही असतं. म्हणजे त्या उंदराच्या यकृताला झालेली इजा साखरेची किती आणि रसायनाची किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. उंदराला टोचलेल्या विषाचा परिणाम ओझोनने कमी झाला असेल, तर तो विषबाधेवरचा निष्कर्ष आहे.

शिवाय हे प्रयोग काही आठवड्यांचे असतात. त्यांत मोजली जातात ती मॅलॉनडायअल्डिहाइड, ग्लुटाथायोन, कॅटॅलेज, एसजीपीटी अशी रसायनं आणि विकरं. निळ्या रेषांची अवस्था फार कमी वेळा पाहिलेली असते, आणि काही आठवड्यांच्या प्रयोगात त्या रेषा सहसा धरतही नाहीत. माणसाच्या यकृतात तंतू एक पायरी चढायला वर्षं लागतात. ज्या आजाराचा निकाल वर्षांनी लागतो, त्याच्यावरचा उपचार आठवड्यांच्या प्रयोगावर विकायचा, हे मला पटत नाही.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मध्यंतरी माझ्याकडे आले होते. बेदाण्याचा हंगाम आटोपलेला, सोबत पत्नी. वय ५४, मधुमेहाला अकरा वर्षं झालेली, दारू कधीच नाही. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाल्यावर एका ठिकाणी त्यांनी ओझोनचा कोर्स केला होता आणि आधीचा व नंतरचा असे दोन रिपोर्ट आणले होते. "मॅडम, एसजीपीटी अठ्ठावन्नवरनं एक्केचाळीसवर आलाय. तिथलं डॉक्टर म्हणालं, लिव्हर धुऊन निघालं. तुमी एकदा बघा." त्यांच्या आवाजात समाधान होतं, पण पत्नीच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं. यजमानांचे पाय संध्याकाळी सुजतात, असं त्यांनी हळूच सांगितलं.

मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. पहिल्यात एसजीओटी ६२, एसजीपीटी ५८, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. दुसऱ्यात एसजीओटी ५५, एसजीपीटी ४१, प्लेटलेट १ लाख ३९ हजार. या आकड्यांतून फिब-फोर नावाचा एक हिशेब निघतो, आणि तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कुणालाही करता येतो. वय गुणिले एसजीओटी वर लिहायचं. खाली प्लेटलेट हजारांत, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. पहिल्या रिपोर्टचं उत्तर आलं ३.१. दुसऱ्याचं ३.३.

उत्तर १.३ च्या खाली असेल तर यकृतात गंभीर व्रण असण्याची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर गेलं तर पोटविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. हे बागायतदार ओझोनच्या आधीही त्या रेषेच्या वर होते आणि नंतरही वरच राहिले. एसजीपीटी या हिशेबात खालच्या बाजूला असतो. म्हणजे तो उतरला तर, बाकीचे आकडे तसेच राहिले असता, फिब-फोर वाढतो. हा गणिताचा चमत्कार नाही, आजाराचा स्वभावच तसा आहे. एसजीपीटी हे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात गळणारं विकर आहे. सूज असते तेव्हा ते चढतं, पण व्रण पसरून पेशी कमी झाल्या की गळायलाही थोडंच उरतं. सिरॉसिस झालेल्या कितीतरी रुग्णांचा एसजीपीटी मी अगदी नॉर्मल पाहिला आहे. प्लेटलेटचं उलट: व्रणामुळे यकृतातला रक्तप्रवाह अडतो, प्लीहा मोठी होते, प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात आणि रक्तातला आकडा उतरतो. म्हणून १ लाख ३९ हजार ही संख्या मला बोलत होती. ओझोनच्या पत्रकावर प्लेटलेटचं नावही नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "हा आकडा उतरला याचा आनंद आत्ता मानू नका. आधी फायब्रोस्कॅन करू." फायब्रोस्कॅनमध्ये यकृत १४ किलोपास्कल इतकं कडक निघालं. आठच्या आत आलं असतं तर मी त्यांना निश्चिंतपणे घरी पाठवलं असतं.

बोलता बोलता कळलं, ओझोनच्या त्या दोन महिन्यांत त्यांना भात आणि गोड बंद करायला सांगितलं होतं, सकाळी चालायला लावलं होतं, आणि वजन चार किलोंनी उतरलं होतं. मग एसजीपीटी कशाने उतरला? मला विचाराल तर चालण्याने. पण मी तरी ते सिद्ध कसं करणार? हाच तर मुद्दा आहे. एका माणसाच्या दोन रिपोर्टांतून कशाचाच श्रेयनिर्णय होत नाही. एसजीपीटी तर काही न करताही आठवड्या-आठवड्याला खालीवर होतो. चढलेला असताना उपचार सुरू केला की पुढच्या तपासणीत तो उतरलेला मिळण्याचीच शक्यता जास्त.

त्यांच्या पत्नीने विचारलेला प्रश्न मला या आजारात सगळ्यात जास्त छळतो. "यांनी कधी थेंब घेतला नाही, मग लिव्हर खराब कसं?" आपल्या गावांत सिरॉसिस म्हणजे दारुडा, हे समीकरण इतकं घट्ट आहे की पोटात पाणी झालेल्या निर्व्यसनी माणसाच्या घरचेही शेजाऱ्यांपासून आजार लपवतात. माझ्याकडे सासऱ्यांचा रिपोर्ट घ्यायला आलेल्या एका सुनेने निदानाचा शब्द पाकिटावर लिहू नका, अशी विनंती केली होती. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गन लुडविग या पॅथॉलॉजिस्टने दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही दारुड्यांसारखीच सूज आणि व्रण दिसतात, असं लिहून त्या आजाराला नाव दिलं. इतकी वर्षं होऊनही ही गोष्ट आमच्या बाजारपेठांपर्यंत पोचलेली नाही. भीती आणि लाज एकत्र आल्यावर माणूस जाणत्या डॉक्टरकडे जायला बिचकतो आणि जिथे कुणी 'लिव्हर धुऊन देतो' म्हणतं तिथे गुपचूप जातो. ओझोनचं गिऱ्हाईक असं तयार होतं. त्या माणसांना मी दोष देणार नाही.

हवानाचं नाव वर आलं आहे, आणि मला ते पुन्हा घ्यायचं आहे. त्याच शहरातल्या राष्ट्रीय पोटविकार संस्थेत एदुआर्दो विलार-गोमेझ आणि सहकाऱ्यांनी फॅटी लिव्हरमुळे सूज आलेल्या २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामाच्या देखरेखीत ठेवलं. औषध नाही, वायू नाही. सुरुवातीला बायोप्सी आणि ५२ आठवड्यांनी पुन्हा बायोप्सी. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांनी वजनाच्या दहा टक्के किंवा अधिक घट केली, त्यांच्यातल्या ९० टक्के लोकांची सूज निघून गेली आणि ४५ टक्के लोकांत तंतू मागे हटले. निळ्या रेषा मागे हटल्या! पॅथॉलॉजिस्टला यापेक्षा मोठी बातमी नसते. अर्थात इतकं वजन एकूण रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांनाच कमी करता आलं, आणि हे किती अवघड आहे ते त्यावरून कळतं. पण हे माणसांवर झालेलं आहे, स्लाइडवर दिसलेलं आहे. ज्या शहराने ओझोनच्या उंदरांचे निबंध दिले, त्याच शहराने हा अभ्यासही दिला. आपल्याकडच्या पत्रकांत मात्र पहिलेच पोचले.

ओझोनवाल्यांच्या मूळ विचाराला योग्य परीक्षा कशी देतात, याचंही उदाहरण आहे. पेशीतली जळजळ कमी करायची तर ई जीवनसत्त्व द्या, हा विचार त्यांच्याइतकाच आकर्षक होता. अमेरिकेत २४७ रुग्णांच्या एका चाचणीत तो तपासला गेला, ९६ आठवडे, बायोप्सीसकट. निकाल २०१० मध्ये आला. ई जीवनसत्त्व घेतलेल्या ४३ टक्के लोकांचं यकृत सुधारलं, औषध नसलेली नुसती गोळी घेतलेल्यांत १९ टक्के. तंतूंमध्ये मात्र ठाम फरक दिसला नाही. आणि त्या चाचणीत मधुमेही रुग्ण घेतलेलेच नव्हते. म्हणजे नीट तपासलेल्या उपचाराबद्दलही डॉक्टर मधुमेह्याला आजही सावधपणे बोलतो. मग न तपासलेल्याबद्दल इतकी छातीठोक भाषा कुठून येते?

मधुमेह्यांवर ओझोनच्या चाचण्या झालेल्याच नाहीत असं नाही. त्या पायाच्या जखमांवर झाल्या. हवानात १०१ रुग्णांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ओझोनच्या बाजूने निकाल होता. कॉक्रन या संस्थेने २०१५ मध्ये अशा सगळ्या चाचण्या धुंडाळल्या, तेव्हा निकषांत बसणाऱ्या तीनच मिळाल्या, मिळून २१२ रुग्ण, आणि निष्कर्ष निघाला की पुरावा अपुरा आहे. जखम डोळ्यांना दिसते, फूटपट्टीने मोजता येते. तिथेच ही स्थिती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमांत तर ओझोन हा विषारी वायू असून त्याचा कोणताही वैद्यकीय उपयोग ज्ञात नाही, अशा अर्थाची नोंद आहे. ती भाषा मला थोडी ताठर वाटते. पण रुग्णाच्या बाजूने ताठर राहिलेलं मला चालेल.

धोक्यांबद्दल थोडक्यात. वायू थेट शिरेत टोचला तर त्याचा बुडबुडा फुप्फुसात किंवा मेंदूत जाऊन जीव जाऊ शकतो. ओझोनचे जाणकारही ही पद्धत निषिद्ध मानतात. ज्यांच्या रक्तात जीसिक्सपीडी हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी ओझोनने फुटू शकतात. ही उणीव पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत जास्त आढळते. तरी कोर्स सुरू करण्याआधी ही तपासणी केलेला रुग्ण मला क्वचितच भेटतो. आणि रक्त काढून परत चढवायचं म्हटलं की सुई, नळी, बाटली आली. २००९ साली गुजरातेत मोडासा इथे सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि कितीतरी माणसं दगावली. त्याचा ओझोनशी संबंध नव्हता. पण यकृत वाचवायला गेलेल्या माणसाला यकृताचाच विषाणू मिळू शकतो, हे ध्यानात ठेवूनच रक्ताला हात लावायला हवा.

मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते आता लिहिते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. टाइप टू मधुमेह असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या यकृतात चरबी असते. त्या सगळ्यांची बायोप्सी करायची नाही, सगळ्यांना फायब्रोस्कॅनही लागत नाही. फिब-फोरला लागणारे तीन आकडे बहुतेक मधुमेह्यांच्या वार्षिक तपासणीत आधीच असतात, चौथं वय. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तेव्हा कागदावर दार उघडलेलंच आहे. माझं म्हणणं इतकंच की महाराष्ट्रातल्या प्रत्येक लॅबने, खाजगी असो की सरकारी, मधुमेह्याच्या रिपोर्टच्या तळाशी फिब-फोर छापावा. माझ्या लॅबमध्ये तो छापला जातो. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ घालावी लागली, कागद तोच, शाई तीच. पस्तिशीच्या आतल्यांत हा हिशेब भरवशाचा नसतो, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ची रेषा धरायची, एवढी टीपही सोबत छापता येते.

आकडा वाढलेला निघाला तर करायला पुष्कळ आहे. वजन उतरवणं आहेच. गुडगावात मधुमेह्यांवर झालेल्या एका चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीने वीस आठवड्यांत यकृतातली चरबी १६.२ टक्क्यांवरून ११.३ वर आली. २०१८ चा हा अभ्यास आपल्याच माणसांवरचा आहे. पायोग्लिटाझोन आहे, २०२० पासून सॅरोग्लिटाझारला या आजारासाठी भारतात मान्यता आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने सेमाग्लुटाइडला यकृताच्या सुजेसाठी परवानगी दिली. कुणाला काय द्यायचं ते त्याचा डॉक्टर ठरवेल. तासगावच्या बागायतदारांना मी पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. ओझोनमध्ये गेलेले महिने त्यांना या रांगेत आधी उभं राहायला मिळाले असते, याची मला खंत आहे.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. मधुमेह बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. ओझोनच्या पत्रकांना तो कायदा लावून पाहावा. मूलपेशींच्या उपचारांचा असाच बाजार मांडला गेला होता, तेव्हा वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं की मान्यता नसलेल्या आजारांसाठी हे उपचार फक्त रीतसर चाचणीतच देता येतील. ओझोनसाठी तेवढीच एक ओळ लिहावी.

आणि ओझोन देणाऱ्या डॉक्टरांशी मला भांडायचं नाही. त्यांच्यातले काही मनापासून विश्वास ठेवून हे करतात, हे मला माहीत आहे. त्यांनी चाचणी घ्यावी. भारतीय चाचणी नोंदवहीत ती आधी नोंदवावी, नीतिसमितीची परवानगी घ्यावी, रुग्णाकडून एक रुपयाही घेऊ नये. निम्म्या रुग्णांना ओझोन मिसळलेला ऑक्सिजन द्यावा, निम्म्यांना नुसता ऑक्सिजन. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला कळू नये आणि मोजणाऱ्यालाही. दोन्ही गटांना आहार आणि चालणं सारखंच सांगावं. सुरुवातीला आणि दीड-दोन वर्षांनी बायोप्सी करावी. अशी चाचणी मिरज-सांगलीच्या आसपास कुणी उभी केली, तर तिच्या सगळ्या स्लाइड मी विनामूल्य वाचीन. फक्त त्यांवर आकडे घालून पाठवा, नावं आणि गट नकोत.